रात्रीचे तास

हवाई अंतर साडेचारशे किलोमीटर, धैर्यशील म्हणाला,
एक तास दहा मिनिटं.
उजळाईवाडीला बसायचं, चहा संपतोय तोवर हैदराबाद.
"एकदा या की आप्पा."
आप्पा ढाबळीपुढं उकिडवे,
हरभऱ्यातले खडे वेचत.
"आन् त्यात पंख हलवतंय कोण?"

सुट्टी संपली तेव्हा त्यांनी टोपली पुढं केली.
आत सत्तावीस नंबरची मादी,
राखी अंग, डाळिंबी डोळा.
"ही ने. तिकडनं सोड."

विमानात कबूतर चालत नाही.
याचं आप्पांना इतकं हसू आलं
की दोन दिवस तालमीच्या कट्ट्यावर
भेटेल त्याला धरून सांगत होते,
उडणाऱ्यालाच बंदी हाय म्हणं!
धैर्यशीलनं तिकीट रद्द केलं,
पैसे किती कापले ते सांगितलं नाही,
आणि मांडीवर टोपली घेऊन
रात्रीच्या बसमध्ये बसला. बारा तास.
उमरग्याला चहासाठी गाडी थांबली तेव्हा
त्यानं तिला पेल्याच्या झाकणातून पाणी पाजलं,
एवढंच कळवलं होतं.

सहा दहाला सोडली. मी वहीत लिहिलं.
वही माझ्याकडं असते, अक्षर बरं म्हणून.
जत. विजापूर.
सोलापूर, तीन तास चार मिनिटं.
त्याखाली पहिल्यांदाच इतकं लांबचं गाव,
रकान्यात मावेना.

एकपर्यंत येईल, आप्पा म्हणाले.
मग दोन म्हणाले.
मग काही म्हणाले नाहीत.
दुपारचं विमान आलं, वेळेवर,
उत्तरेश्वर पेठेवरून पोट दाखवत गेलं.
आप्पांनी कपाळावर हात धरून
त्याच्या मागचं आभाळ पाहिलं.
आळत्याच्या डोंगराकडं ससाणा असतो,
हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

धैर्यशीलचा फोन चारला. साडेपाचला. आठला.
"पोचली का?"
नऊ वर्षं हा प्रश्न इकडून तिकडं जात होता.
उलटा येताना
त्याचा आवाज लहानपणचा वाटला,
दप्तर हरवलं होतं तेव्हाचा.

दुसऱ्या दिवशी नऊ चाळीस.
आधी पत्र्यावर नखं वाजली, मग ती दिसली.
शेपटीचं एक पीस कमी,
पायाला वाळलेली माती,
कुठल्या शिवारातली कोण जाणे.
घटाघटा पाणी प्याली,
आणि आपल्याच खणात जाऊन
दुसऱ्या मादीशी भांडली.

सत्तावीस तास तीस मिनिटं, मी म्हटलं.
"रात्र वजा कर," आप्पा म्हणाले.
"अंधारात पाखरू बसून असतंय.
बसल्याला प्रवास म्हणत न्हाईत.
सात ते सहा, अकरा तास काढ त्यातनं."
शर्यतीचा नियमच आहे तसा.
मी अकरा काढले.
साडेसोळा लिहिले, खाली रेघ मारली.

ती कुठल्या झाडावर बसली असेल, माहीत नाही.
पण पाण्याच्या टाकीला टेकून,
कानटोपी घालून, मांडीवर बॅटरी घेऊन
सात ते सहा जे बसले होते
ते मला माहीत होते.
तीनला मी चादर घेऊन वर गेले
तर म्हणाले, झोप लागंना, उकडतंय.
थंडीचे दिवस होते.
त्यांचे अकरा तास
मी वजाही केले नाहीत,
लिहिलेही नाहीत.

संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवला.
धैर्यशील किती वेळ नुसताच हसत होता.
मग म्हणाला, पुढच्या महिन्यात येतो,
शनिवारी सकाळी निघालो की दहाला घरात.
आप्पा हातावरचे दाणे फुंकत होते.
"बसनंच ये," म्हणाले,
"टोपली ऱ्हायलीया तिकडं."